समुद्रकांठची फेरी : पट्टा आणि खांच

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर माघ महिन्यांतील सकाळ मोठी प्रसन्न असते. ही वाट पश्चिमेकडे तोंड करून बसलेली असल्यामुळें सूर्य पाठीमागील इमारतींच्या आड उगवतो, आणि बराच वेळ वाटेवर सांवलीच असते. मग ऊन गच्च्यांवरून हळूहळू खालीं उतरतें, रस्ता ओलांडतें आणि समुद्राच्या कट्ट्यावर येऊन बसतें. नरीमन पॉइंटपासून गिरगांव चौपाटीपर्यंतची ही वाट सुमारें साडेतीन किलोमीटर लांबीची आहे. तींत चढ नाहीं, उतार नाहीं, पायाला ठेंच लागावी असा खळगा नाहीं. वृद्धांनीं काठी टेकीत चालावें, मुलांनीं पुढें धांवावें, आणि ज्यांनीं घरीं कुत्रा पाळला असेल त्यांनीं त्याला घेऊन हवा खाण्यास यावें, अशी ती वाट आहे.

या वाटेवर दोन प्रकारचे कुत्रे दृष्टीस पडतात. एकाच्या गळ्यांत पट्टा असतो आणि त्या पट्ट्याचें दुसरें टोंक कोणाच्या तरी हातांत असतें. दुसऱ्याच्या गळ्यांत कांहींच नसतें. तो कट्ट्याच्या पायथ्याशीं उन्हांत वेटोळें करून निजलेला असतो. चालणारे त्याला वळसा घालून जातात, आणि तोहि डोळा किलकिला करून पुन्हां मिटतो. मात्र जवळून पाहिल्यास त्याच्या एका कानाला लहानशी खांच पाडलेली पुष्कळदां आढळते. एकाचा पट्टा आणि दुसऱ्याची खांच, या दोन क्षुल्लक खुणांच्या मागें जवळजवळ दोनशें वर्षांचा एक वाद उभा आहे. त्या वादापायीं १८३२ सालीं मुंबईची बाजारपेठ बंद पडली होती, आणि सरकारला लष्कर बोलवावें लागलें होतें.

प्रथम या वाटेविषयीं थोडेंसें सांगितलें पाहिजे. आज जेथें फिरणाऱ्यांचे पाय पडतात तेथें एकोणिसाव्या शतकांत समुद्र होता. त्या काळीं मुंबईकर हवा खाण्यास जात ते कोटाबाहेरील मैदानावर. १८०३ सालच्या मोठ्या आगीनंतर कोटासमोरील जागा तोफांच्या माऱ्यासाठीं अधिक मोकळी करण्यांत आली, आणि तोफांसाठीं राखलेलें तें मैदान नागरिकांच्या फुफ्फुसांना लाभलें. मैदानापलीकडे बॅकबेचा उघडा किनारा होता. १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाच्या भावानें मुंबईंत पैशाचा पूर आला, तेव्हां हा किनारा भरून काढण्यासाठीं कंपनी निघाली, तिच्या शेअरांवर सट्टा झाला, आणि युद्ध संपतांच ती कोसळली. किनाऱ्याची जी थोडीशी पट्टी भरून निघाली होती ती आगगाडीच्या कामीं आली.

पुढें १९१५ च्या डिसेंबरांत समुद्राच्या भिंतीचें काम सुरू झालें, आणि ‘केनेडी सी-फेस’ या नांवानें वाटेचा आरंभ झाला. नंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत बॅकबे भरण्याची मोठी योजना हातीं घेण्यांत आली. तिचा खर्च वाढत गेला, काम रेंगाळलें, आणि बॅरिस्टर खुरशेद नरीमन यांनीं तींतील गैरकारभार इतक्या निर्भयपणें उघडकीस आणला कीं त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला. त्यांतून ते सहीसलामत सुटले. वाटेच्या दक्षिण टोंकाला आज त्यांचेंच नांव आहे. १९३० नंतरच्या दशकांत समुद्रासमोर गोलाकार सज्ज्यांच्या इमारतींची रांग उभी राहिली, आणि २०१८ सालीं ती रांग जागतिक वारशाच्या यादींत गेली. सरकारनें, सटोडियांनीं आणि इंजिनियरांनीं समुद्राशीं केलेल्या या सर्व झटापटींतून सामान्य माणसाच्या पदरांत पडला तो हा कट्टा. त्याला दार नाहीं, तिकीट नाहीं. कोणींहि यावें आणि बसावें.

माणसापुरता हा प्रश्न असा सुटला. परंतु मुंबईच्या रस्त्यावर कुत्र्यानें असावें कीं नाहीं, हा प्रश्न वाटेची भिंत बांधली जाण्यापूर्वीं ऐंशीहून अधिक वर्षें आधींच निघाला होता. त्याची हकीकत ऐकावयाची तर समुद्रकांठ सोडून जुन्या कोटांत शिरलें पाहिजे.

कंपनी सरकारच्या मुंबईंत बेवारशी कुत्र्यांची संख्या मोठी होती, आणि पिसाळलेल्या कुत्र्याचें भय खरें होतें. तें भय कोणीं हंसण्यावारी नेऊं नये. त्या काळीं श्वानदंशावर औषध नव्हतें; लुई पाश्चरनें आपली लस प्रथम एका मुलाला टोंचली ती १८८५ सालीं. कुत्रा पिसाळला आणि चावला, तर देवाचें नांव घेण्यापलीकडे हातीं कांहीं नसे. म्हणून १८१३ सालापासून असा नियम होता कीं उन्हाळ्यांतील एक महिना आणि पावसाळा संपतांनाचा एक महिना भटके कुत्रे मारले जावेत. १८३२ सालीं मॅजिस्ट्रेटनें उन्हाळ्यांतील ही मुदत १५ जूनपर्यंत वाढविली, आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागें आठ आणे इनाम ठेवण्यांत आलें.

आठ आणे ही त्या वेळीं गरिबाला लहान रक्कम नव्हती. इनामाचा हिशेब मेलेल्या कुत्र्यांच्या संख्येवर होता. तो कुत्रा पिसाळलेला होता कीं शहाणा, बेवारशी होता कीं कोणाच्या ओट्यावरचा, याची पुसतपास त्या हिशेबांत नव्हती. जेथें मोजदाद मुडद्यांची होते तेथें मुडदे वाढतात. कुत्रे मारणारे लोकांच्या आवारांत शिरूं लागले, आणि पाळलेले कुत्रेहि ओढून नेऊं लागले, अशा तक्रारी झाल्या.

ज्या वस्तींत हें चाललें होतें तींत पारशी समाज मोठा होता. पारशी धर्मांत कुत्र्याचें स्थान केवळ राखणदाराचें नाहीं. वेंदिदाद या त्यांच्या धर्मग्रंथाचा एक संपूर्ण अध्याय कुत्र्याच्या गुणांस आणि त्याला इजा करणाऱ्याच्या शिक्षेस वाहिलेला आहे. माणूस मरण पावला म्हणजे त्याच्या देहावर कुत्र्याची दृष्टि पाडण्याचा ‘सगदीद’ नांवाचा विधि आहे. ज्याच्या नजरेनें आपल्या मृतांची शेवटची वाट शुद्ध व्हावयाची, त्याचींच प्रेतें आठ आण्यांसाठीं रस्त्यांतून फरपटत नेलेलीं पाहणें त्या लोकांस असह्य झालें.

६ जून १८३२ हा पारशांचा एक पवित्र दिवस होता. त्या दिवशीं कोटांत सुमारें दोनशें लोकांचा जमाव कुत्रे मारणाऱ्या शिपायांवर तुटून पडला. दुसऱ्या दिवशीं दंग्याचें रूप पालटलें आणि हरताळ झाला. दुकानें उघडलीं नाहींत, व्यापार थांबला, कुलाब्याच्या छावणीला जाणारा रोजचा पुरवठा अडविण्यांत आला. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, या हरताळांत पारशांच्या जोडीला हिंदू, जैन आणि मुसलमानहि होते. प्रत्येकाचा धर्म निराळा आणि कुत्र्याविषयींचा विचारहि निराळा. परंतु सरकारी मनुष्य आपल्या उंबऱ्याआंत येऊन आपल्या आळींतील जीव मारून नेतो, या गोष्टीचा संताप सर्वांना सारखाच झाला. अखेर दंग्याचा कायदा वाचून दाखविण्यांत आला, लष्कर आलें, धरपकड झाली आणि पुढें खटले होऊन शिक्षा झाल्या.

दंगा मोडला, पण दंग्याचें कारण मोडलें नाहीं. तें मोडण्याचें काम शेटजींनीं केलें. जमशेटजी जीजीभाई आणि त्यांच्यासारखे प्रतिष्ठित पारशी गृहस्थ मध्यें पडले. सरकारशीं त्यांचे व्यापाराचे संबंध होते, आणि जमावाच्या दांडगाईचें समर्थन त्यांना करावयाचें नव्हतें. परंतु लोकांच्या मनांतील कळ त्यांना उमजत होती. कुत्रे मारण्याऐवजीं ते शहराबाहेर नेऊन सोडावे, असा मार्ग निघाला. एवढ्यावरच ते थांबले नाहींत. १८ ऑक्टोबर १८३४ रोजीं जमशेटजी आणि शेठ अमीचंद शाह यांच्या पुढाकारानें मुंबईच्या पांजरपोळाची स्थापना झाली. आज भुलेश्वरचा पांजरपोळ म्हटला कीं डोळ्यांपुढें गाईच येतात. पण त्याच्या जन्माला कारण झाला तो रस्त्यावरचा कुत्रा, हें फार थोड्यांना ठाऊक असतें.

याच जमशेटजींची आणखी एक आठवण आपल्या समुद्रकांठच्या फेरीच्या अगदीं जवळ आहे. सरकारनें मैदानावर गुरें चारण्यास फी बसविली, तेव्हां गरीब गवळ्यांची गुरें जप्त होऊं लागलीं. १८३८ सालीं जमशेटजींनीं वीस हजार रुपये देऊन बॅकबेच्या कांठीं ठाकूरद्वाराजवळ कुरण विकत घेतलें, आणि तेथें गुरांना फुकट चरूं दिलें. त्या चरण्यावरून ‘चर्नी रोड’ हें नांव पडलें, असें सांगतात. चौपाटीकडून फिरत येणारा माणूस आज चर्नी रोड स्थानकाच्या अंगानें जातो, तेव्हां मुक्या जनावरांसाठीं विकत घेतलेल्या त्या जमिनीच्या शेजारूनच जात असतो.

आतां १८३२ च्या भांडणाचें मूळ कोठें होतें तें पाहूं. इंग्रजी कायद्याच्या दृष्टीनें कुत्रा दोनच प्रकारचा असूं शकतो. एक मालकाचा, म्हणजे ती त्याची मालमत्ता. दुसरा बेवारशी, म्हणजे तो उपद्रव. गळ्यांतला पट्टा हा त्या मालकीचा दाखला. ज्याला पट्टा नाहीं त्याला धनी नाहीं, आणि ज्याला धनी नाहीं त्याचा प्राण घेण्यास हरकत नाहीं. आपल्याकडे या दोहोंच्या मधली एक तिसरी अवस्था पूर्वापार होती, ती म्हणजे आळीचा कुत्रा. तो कोण्या एकाचा नसतो आणि बेवारशीहि नसतो. चार घरच्या शिळ्यापाक्या भाकरीवर तो वाढतो आणि रात्रीं चारहि घरांसाठीं भुंकतो. खंडोबाच्या पायांपाशीं कुत्रा आहे, दत्तगुरूंच्या भोंवतीं चार आहेत. त्यांपैकीं एकाच्याहि गळ्यांतील दोरी देवाच्या हातांत नाहीं. नामदेवांच्या ताटांतील भाकरी कुत्र्यानें पळविली तेव्हां कोरडी भाकरी घशांत अडकेल म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवले, ही कथा महाराष्ट्रांतील घराघरांत मुलांना सांगितली जाते. धर्मराजानें स्वर्गाच्या दाराशीं ज्याला सोडण्यास नकार दिला, तो कुत्राहि त्याचा पाळलेला नव्हता. तो वाटेंत सोबत आलेला होता, एवढाच त्याचा हक्क.

मात्र या परंपरेचा अभिमान बाळगतांना तिची उणीवहि कबूल केली पाहिजे. आपण भाकरी टाकली, पण जबाबदारी घेतली नाहीं. कुत्रा आजारी पडला, त्याला खरूज झाली, तो पिसाळला, कीं तो कोणाचाच नसे. सर्वांचा म्हणून जो मिरवला जातो तो संकटसमयीं कोणाचाच नसतो, हें सार्वजनिक विहिरीपासून सार्वजनिक कुत्र्यापर्यंत सर्वत्र खरें आहे. इंग्रजानें मालकी पाहिली आणि दया पाहिली नाहीं; आपण दया पाहिली आणि जबाबदारी पाहिली नाहीं. या दोन अपुऱ्या दृष्टींच्या मध्यें मुंबईचा कुत्रा दीर्घकाळ सांपडला.

कारण १८३२ चा समेट कायमचा ठरला नाहीं. कुत्रे बाहेर नेऊन सोडले तरी शहर वाढत गेलें, आणि कालचें ‘बाहेर’ आज ‘आंत’ आलें. पुढें मुंबईंत कुत्रे पकडून मारण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत चालू राहिली. दरवर्षी हजारों कुत्रे मारले जात, आणि तरीहि रस्ते कुत्र्यांनीं भरलेलेच राहत. याचें कारण अवघड नाहीं. कुत्रा जगतो तो शहराच्या उकिरड्यावर. एका आळींतील कुत्रे नाहींसे केले तरी उकिरडा तसाच राहतो. मग शेजारच्या आळींतील कुत्रे तेथें येतात, आणि उरलेल्या कुत्र्या भरल्या अन्नावर अधिक पिलांना वाढवितात. रिकामी झालेली जागा अशी पुन्हां भरते, आणि भरते ती परक्या, बुजऱ्या आणि लस न टोंचलेल्या जनावरांनीं.

अनुभवानें शिकलेला हा धडा २००१ सालच्या केंद्र सरकारच्या नियमांत उतरला. कुत्र्याला पकडावें, त्याची शस्त्रक्रिया करून प्रजनन थांबवावें, त्याला रेबीजची लस टोंचावी, आणि जेथून आणलें तेथेंच परत सोडावें, असा तो नियम आहे. २०२३ सालीं त्याची जागा नव्या नियमांनीं घेतली, तरी मूळ तत्त्व तेंच राहिलें. शस्त्रक्रिया झालेला कुत्रा दुरून ओळखतां यावा म्हणून बेशुद्धींत असतांनाच त्याच्या कानाला एक लहान खांच पाडतात. समुद्राच्या कट्ट्यापाशीं निजलेल्या त्या कुत्र्याच्या कानावरची खूण ती हीच.

ही पद्धत नीट चालविली तर काय होऊं शकतें, हें पाहण्यास फार दूर जाण्याचें कारण नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें एखाद्या प्रदेशांतील शंभरांपैकीं सत्तर कुत्र्यांस लस टोंचली गेली, तर रोगाची सांखळी तुटते. गोव्यांत सरकार आणि स्वयंसेवी संस्था यांनीं मिळून गांवोगांव आणि समुद्रकांठीं फिरून कुत्र्यांस लस टोंचण्याचें काम नेटानें केलें, आणि २०१८ ते २०२० या तीन वर्षांत तेथें रेबीजनें एकहि माणूस दगावला नाहीं. उलट, जगांत या रोगानें होणाऱ्या मृत्यूंपैकीं एकतृतीयांशाहून अधिक आजहि भारतांत होतात, असा त्याच संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे मॅजिस्ट्रेटचें १८३२ मधील भय आजहि निराधार झालेलें नाहीं. त्याचा उपाय मात्र चुकला होता.

या वादाचा अलीकडील अध्याय २०२५ सालचा आहे. त्या वर्षीच्या ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानें दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागांतील भटके कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आणि परत न सोडण्याचा आदेश दिला. देशभर खळबळ उडाली. एका बाजूला चावा बसलेल्या मुलांचे आईबाप होते. दुसऱ्या बाजूला रोज सायंकाळीं कुत्र्यांस खाऊं घालणारीं माणसें होतीं. २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठानें तो आदेश बदलला. शस्त्रक्रिया आणि लस झाल्यावर कुत्रे मूळ ठिकाणीं सोडावे, पिसाळलेले किंवा अंगावर येणारे मात्र सोडूं नयेत, आणि खाऊं घालण्यासाठीं ठराविक जागा नेमून द्याव्या, असें ठरलें. नोव्हेंबरांत शाळा, रुग्णालयें आणि स्थानकें यांच्या आवारांतून कुत्रे हलविण्याचा वेगळा आदेश निघाला. हातांत काठी घेतलेल्या जमावाऐवजीं कागद घेतलेले वकील उभे होते, एवढी सुधारणा १९३ वर्षांत झाली हें खरें. पण प्रश्न तोच होता. ज्याच्या गळ्यांत पट्टा नाहीं त्याचें काय करावयाचें?

मरीन ड्राइव्हवर फिरणाऱ्याला या प्रश्नाचें अर्धें उत्तर समोरच दिसतें. पट्टा म्हणजे एका माणसानें घेतलेली जबाबदारी. ती केवळ मालकीची मिरवणूक नव्हे. पट्टा हातांत असलेल्यानें तो गर्दींत आंखूड धरला पाहिजे. समोरून येणारें मूल भीत असेल तर बाजूला झालें पाहिजे. आपल्या कुत्र्याची घाण स्वतः उचलली पाहिजे. आणि वैशाखांत दुपारच्या उन्हानें तापलेल्या फरशीवर त्याला चालवितां कामा नये, कारण त्याला पायांत वहाणा नाहींत, आणि माणसासारखा सर्वांगाला घाम येऊन त्याचें अंग निवत नाहीं. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो तेवढाच त्याचा वारा. माघांतील ज्या उन्हांत मालकाला सुख वाटतें तें तीन महिन्यांनीं कुत्र्याला पोळतें.

आणि कानावरची खांच म्हणजे साऱ्या नगरानें घेतलेली जबाबदारी. तिचें दुसरें टोंक कोणा एकाच्या हातांत दिसत नाहीं, म्हणून तें नाहींच असें समजणें चूक आहे. तें महानगरपालिकेच्या हातांत आहे, तिला कर देणाऱ्या प्रत्येकाच्या हातांत आहे, आणि आपल्या दाराशीं उष्टें फेंकून उकिरडा वाढविणाऱ्याच्याहि हातांत आहे. आळीच्या कुत्र्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या भाकरी दिली. खांच पाडून आपण त्याला प्रथमच नांवावर घेतलें. जमशेटजींनीं पांजरपोळासाठीं आणि कुरणासाठीं पैसे मोजले, तेव्हां त्यांनीं हेंच ओळखलें होतें कीं दया ही फुकट मिळत नाहीं. तिचा खर्च कोणीं तरी नियमानें सोसावा लागतो.

दहाच्या सुमारास मरीन ड्राइव्हवरील फिरणारे पांगतात. पट्ट्याचा कुत्रा धन्याबरोबर घरीं जातो. खांचेचा कुत्रा उठतो, अंग ताणतो, आणि ऊन वाढल्यामुळें समोरच्या इमारतीच्या सांवलींत जाऊन पडतो. १८३२ सालीं त्याच्या डोक्याची किंमत आठ आणे होती. आज ती वर्षाच्या वर्षाला वेळेवर टोंचलेल्या एका लसीइतकी आहे. आणि ती चुकती केली म्हणजे कुत्र्याचा जीव वांचतो, आणि त्याच्या शेजारून धांवत जाणाऱ्या मुलाचाहि.